बंडीची धाव, जीपचा टायर आणि आमच्या अंगणातली चूक



धान कापणीला आला की दरवर्षी पांदणीत फसलेल्या गाड्यांचे फोटो येतात, आणि त्यांच्यासोबत एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, जुन्या पिकअपला मोठे टायर बसतात का?" यंदा तीन जणांनी विचारलं. उत्तर सोपं आहे, बसतात. मी स्वतः बसवले होते, घरीच, अंगणात जॅक लावून. नंतर काढले पण. का काढले ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण आपल्या धानपट्ट्यात मोठ्या चाकाची गोष्ट पिकअपपासून सुरू होत नाही. ती बंडीपासून सुरू होते.

आमच्या आजाच्या बंडीचं चाक आठवतं. माणसाच्या कमरेच्या वर यायचं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. सुतार चाक करायचा, लोहार धाव चढवायचा. धाव चाकापेक्षा जराशी लहान बनवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, म्हणजे ती फुगते. मग सांडशीनं धरून चाकावर बसवायची आणि वरून पाणी. चर्रकन वाफ निघायची आणि धाव आकसून सगळे सांधे घट्ट. ना खिळा, ना नटबोल्ट. नुसत्या उष्णतेचं काम.

हे चाक एवढं मोठं का होतं? हौस म्हणून नाही. चाक जितकं उंच, तितकं ते खड्ड्यात कमी बसतं आणि धुऱ्यावर सहज चढतं. लहान चाकाला तोच धुरा भिंतीसारखा वाटतो. पावसाळ्यात कन्हार जमिनीत आणि बांध्यांच्या मधल्या वाटेवर दुसरं काही चालतच नव्हतं. म्हणजे आज आपली पोरं पिकअपला जे मागतात, ते आपल्या पूर्वजांनी बंडीला आधीच दिलं होतं.

पण धावेचा एक दोष होता. ती रुंदीला दीड-दोन इंच. सगळा भार त्या पट्टीवर. कच्च्या वाटेवर दोन चाकोऱ्या पडायच्या, पावसात त्यांचे नाले व्हायचे. मुरमाचा रस्ता केला की दोन वर्षांत धावेनं कापून टाकलेला. रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरांची ही जुनी तक्रार. 1927 मध्ये सरकारनं रस्त्यांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर. पुढे 1943 मध्ये देशभरचे मुख्य अभियंते आपल्या नागपुरात बसले आणि रस्त्यांची योजना केली, तिला आजही 'नागपूर योजना' म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ता ही जी वाटणी आपण फलकावर वाचतो, ती तिथली. शेतीच्या विकसित भागात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये, असं त्यात ठरलं होतं. पण गावापासून बांधीपर्यंतच्या पांदणीचा हिशोब त्या पाच मैलांत नव्हता. आपली गाडी फसते ती नेमकी तिथंच.

आता रबराकडे येऊ. हवा भरलेल्या टायरची पहिली कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनची, 1845 ची. ती तेव्हा चालली नाही. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉपनं ती पुन्हा शोधली, पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. हा डनलॉप कोण होता माहीत आहे? जनावरांचा डॉक्टर. त्याच्या नावाची कंपनी पुढे भारतात आली, 1936 मध्ये बंगालमधल्या साहागंजला तिचा कारखाना उभा राहिला, आणि हवेच्या टायरची बैलगाडी आली तेव्हा महाराष्ट्रात लोकांनी तिचं नावच 'डनलॉप' ठेवलं. ऊस पट्ट्यात अजून तेच म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरचं नाव शेवटी बैलाच्याच गाडीला लागलं, हा योगायोग मला फार आवडतो.

डांबरी रस्त्यावर टायरगाडीनं बैलांचा अर्धा त्रास वाचवला. आमच्याकडे ती आली तेव्हा बाबा खूश होते. पण रोवण्याच्या दिवसांत पऱ्हे वाहायला त्यांनी जुनी बंडीच काढली. कारण टायर मऊ असला तरी चाक बुटकं होतं. पक्क्या रस्त्यावर टायरगाडी पुढे, चिखलात बंडी पुढे. दोन्ही एकाच कोठ्यात उभ्या असायच्या आणि घरात कोणाला त्यात विरोध वाटत नव्हता. हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

ट्रॅक्टरची गोष्ट उलटी. जुने ट्रॅक्टर लोखंडी चाकाचे होते. 1932 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनं आपला ट्रॅक्टर हवेच्या टायरवर विकायला काढला. पहिल्या चाचण्यांत तर विमानाचे टायर लावले होते. शेतकरी हसले, म्हणाले रबर शेतात टिकणार नाही. तर कंपनीनं 1933 मध्ये मोटार शर्यतीतला नावाजलेला चालक बार्नी ओल्डफिल्डला ट्रॅक्टरवर बसवून ताशी 64 मैलांनी पळवला. दहा वर्षांच्या आत तिकडे नव्या ट्रॅक्टरांवर लोखंडी चाक जवळपास संपलं. आणि गंमत बघा, आपण धानवाले मात्र चिखलणीला त्याच ट्रॅक्टरला परत लोखंडी केजव्हील लावतो. कारण चिखलात रबर भरून गुळगुळीत होतं, केज माती कापतं. तेच केज लावून डांबरावर गेलो की डांबर उखडतं. शेवटी प्रत्येक चाकाची आपली जमीन ठरलेली असते.

मग जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. टायर 6.00-16, इंजिन 60 अश्वशक्तीचं, चारही चाकांना ओढ आणि वेगळा लो गिअर. टायर पाहाल तर काही मोठा नाही. ती चिखलातून निघायची ती टायरमुळे नाही, हलक्या वजनामुळे आणि चारही चाकांच्या ओढीमुळे. युद्ध संपताच 1945 मध्ये विलीस कंपनीनं नागरी जीप काढली ती सरळ शेतकऱ्यासाठी: मागं ओढायचा दांडा, हवा तर पीटीओ पण. आपल्याकडे महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीप जोडायला घेतली, पुढं पूर्ण बनवू लागले. बाबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी आमच्या जंगलपट्ट्यात चारचाकी म्हटलं की जंगल खात्याची नाहीतर तेंदूपानाच्या ठेकेदाराची जीप, तिसरी दिसायची नाही.

नंतर डिझेल इंजिनं आली, मागं डाला असलेल्या गाड्या आल्या. 1988 मध्ये पुण्यातून टाटामोबाईल निघाली. मालवाहू पिकअपचं युग सुरू झालं. पण बहुतेक पिकअपमध्ये एक गोष्ट काढून टाकली गेली: पुढच्या चाकांची ओढ. वजन वाढलं, ओढ मागच्या दोन चाकांवर राहिली. रिकामी पिकअप चिखलात फसते ती म्हणून. मागं वजनच नसतं, चाक जागीच फिरतं. आणि आपल्याला वाटतं, टायर लहान आहे.

आता आमची चूक.

आमची पिकअप जुनी, जीपच्याच हाडावरची, कागदावर नंबर अजून भंडाऱ्याचा एमएच-36, कारण गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला. टायर 6.00-16. एका परतीच्या पावसात ती पांदणीत दोन दिवस रुतून बसली, कापलेला धान बांधीत भिजला. त्या रागात मी ठरवलं. भावाच्या ट्रॅक्टरचे पुढचे 7.50-16 टायर पडून होते. भोक सोळाचंच, म्हणजे बसणार. मडगार्ड ग्राइंडरनं कापलं, कमानीत एक-एक पाटा जास्तीचा घातला, रिम जुनीच ठेवली. खर्च जवळपास शून्य. गावचे मिस्त्री काकाजी ओट्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "टायर त चढंल जी बाबू, पन ब्रेक कोन मोठा करन?" मी हसलो.

पांदणीत गाडी खरंच सरसर गेली. चार दिवस मी गावात मिरवलो. पाचव्या दिवशी 40 किलोचे तीस कट्टे भरून डांबरी रस्त्यानं निघालो, शेजारी चुलत भाऊ. उतारावर पुढे गाई आडव्या आल्या. ब्रेक दाबला, गाडी थांबेना, स्टेअरिंग वळवलं तर टायर मडगार्डला घासला आणि आम्ही रस्त्याखाली बांधीत. गाई वाचल्या. भावाच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. तो पूर्ण उन्हाळी धानाचा हंगाम त्याला नांगराला, फवाऱ्याला हात लावता आला नाही. त्याच्या वाटणीचं काम काकू आणि वहिनीनं ओढलं. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

मागून हिशोब केला. 6.00-16 टायरची उंची साधारण 73 सेंमी, 7.50-16 ची 80-81. म्हणजे दहा टक्के वाढ. यातून काय झालं?

गाडीची उंची वाढली फक्त साडेतीन-चार सेंमी, कारण फरकाचा अर्धाच भाग खाली मिळतो. इंजिनची ओढ जमिनीपर्यंत पोचताना सुमारे दहा टक्के घटली, जणू वरचा गिअर कायमचा पडला. ब्रेकचंही तेच, दाबलं तेवढंच पण पकड कमी. काटा 50 दाखवी तेव्हा गाडी 55 नं पळत होती. रुंद टायरला रिमही जास्त रुंद लागते, आमची साडेचार इंची, त्यामुळे टायर वळणावर लोळत होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तो ट्रॅक्टरचा टायर होता. त्याच्या बाजूला ए6 किंवा ए8 असं लिहिलेलं असतं. ए6 म्हणजे ताशी 30, ए8 म्हणजे ताशी 40 किलोमीटर, त्यावर नाही. आकडा सारखा म्हणून टायर सारखा नसतो. आपल्या घरच्या टायरवर आज हे वाचून बघा.

अमेरिकेत सेंट लुईसचे बॉब चँडलर यांनी 1974 च्या फोर्ड पिकअपला असेच मोठमोठे टायर लावत नेले. दरवेळी काहीतरी तुटायचं, मग ते लष्करी ट्रकचे अ‍ॅक्सल घालायचे, मग आणखी मोठा टायर. त्यातून 'बिगफूट' हा पहिला राक्षसी ट्रक निघाला. तसल्या ट्रकना पुढे जो 66 इंची टायर लागला, तो मुळात शेतात खत पसरवणाऱ्या यंत्राचा. म्हणजे टायरनंतर थांबता येत नाही, मग अ‍ॅक्सल, मग ब्रेक, मग स्टेअरिंग. तमाशासाठी ठीक आहे. आपल्याला कट्टे पोचवायचे आहेत.

खत यंत्राला तो टायर का लावतात, हे मात्र शिकण्यासारखं आहे. मातीच्या वरच्या थरावर किती दाब येतो, हे साधारण टायरमधल्या हवेवर ठरतं. खोलवर किती दबते, हे अ‍ॅक्सलवरच्या एकूण वजनावर. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये 12 ते 16 पौंड हवा पुरते, भरलेल्या पिकअपमध्ये 40 च्या वर लागते. म्हणजे पिकअप बांधीत घातली की चाकाखालची माती विटेसारखी होते. धानाला खालचा कडक थर चालतो, पाणी धरतो. पण त्याच बांधीत उतेऱ्याची लाखोळी, जवस, नाहीतर हरभरा घ्यायचा असेल तर मुळी त्या चाकोरीत अडते. आमच्या बांधीत पुढच्या रब्बीत हरभऱ्याच्या दोन पिवळ्या रेषा दिसल्या, सरळ चाकाच्या मापाच्या.

कायद्याचंही सांगून ठेवतो. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कंपनीनं त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापातला टायर असेल तर गोष्ट वेगळी, पण बसवायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नाही.

आता आम्ही काय करतो? बाबांनी केलं तेच. दोन चाकं, दोन जमिनी. बांधीतून डांबरापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली, तीही माती वाळल्यावर आणि दरवर्षी एकाच ठरलेल्या वाटेनं, म्हणजे दबली तर तेवढीच पट्टी दबते. डांबरापासून पुढे पिकअप, मूळच्या टायरवर. पांदणीच्या शेवटी धुऱ्याशेजारी चार गुंठे जागा उंच करून मुरूम टाकला, तिथं कट्टे बदलतो. एक वेळ जास्तीची उचल लागते, हे खरं. सहा शेजाऱ्यांनी मिळून मुरमाचा खर्च केला, तो माझ्या एकट्याच्या नव्या टायर-रिमपेक्षा कमी पडला.

भावाचा हात आता बरा आहे, ढग आले की दुखतो म्हणतो. कापलेलं मडगार्ड मी तसंच ठेवलं आहे. पोरानं विचारलं, बाबा हे असं का, तर त्याला पूर्ण गोष्ट सांगता येते.

तुमच्या गावात जुनी धावेची बंडी अजून उभी असेल तर तिच्या चाकाची उंची मोजून कळवा. आणि पांदण कोणी मिळून दुरुस्त केली असेल तर कशी केली, तेही लिहा. टायरपेक्षा त्याची गरज जास्त आहे.