जालन्याचे बियाणे : एका वेडाची हकीकत

मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे जुन्या पायावर नवी उभारणी. अशा मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत देवस्थानच्या माहितीबरोबर आपल्या भागातील कर्तृत्वाचेही एखादे पान असावे, हे उचितच होय. अंतरवाली सराटी ज्या अंबड तालुक्यात आहे, तो तालुका १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून नव्या जालना जिल्ह्यात आला. जालन्याच्या बियाण्याचे नाव मात्र जिल्ह्याहून जुने आहे.

पूर्वी बी विकत घेणे हा प्रकार शेतकऱ्याला ठाऊक नव्हता. खळ्यावरच चांगली कणसे बाजूला काढायची, दाणे राख किंवा निंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवायचे आणि मृगात बाहेर काढायचे, अशी रीत होती. कोणाचे बी सरले तर शेजारी देई व सुगीला वाढवून परत घेई. हा सारा कारभार बहुतेक घरांत म्हाताऱ्या बायकांच्या हाती असे. ज्या मुलखात ही रीत, तेथे बियाण्याचा धंदा काढणे म्हणजे नदीकाठी पाणी विकणे, असेच कोणालाही वाटले असते.

हा धंदा काढणारे गृहस्थ म्हणजे बद्रीनारायण बारवाले. जन्म हिंगोलीचा, कर्मभूमी जालना. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला होता. शेतकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. सन १९५९-६० मध्ये दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते. तेथे त्यांना पुसा सावनी या भेंडीचे बी मिळाले. त्या काळी भेंडीवर पाने पिवळी पडण्याचा रोग येऊन पीक हातचे जाई; ही जात त्या रोगाला तोंड देणारी होती. बारवाल्यांनी ते बी जालन्यास लावले, वाढविले आणि भाजी म्हणून न विकता बी म्हणूनच विकले. येथून पुढची सारी वाट निघाली.

सन १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली. ज्वारीचे पहिले संकरित वाण त्याच वर्षी आले, बाजरीचे पुढील वर्षी. बियाणे हे सरकारी खात्याचे व राष्ट्रीय बीज निगमाचे काम, असा तेव्हाचा समज होता. बारवाल्यांनी ते लहान शेतकऱ्यांच्या वावरात नेले. मूळ बी कंपनीने द्यायचे, शेतकऱ्याने पिकवायचे, कंपनीने परत घ्यायचे. शेजारच्या रानात तेच पीक असले तर वाऱ्याने पराग येऊन बी बिघडते. म्हणून बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याची समजूत घालणे हेही या शेतीतले एक कामच होऊन बसले! संकरित ज्वारीला लोकांनी नावेही पुष्कळ ठेवली. भाकरीला चव नाही, पावसात सापडली की कणीस काळे पडते, या तक्रारी खोट्या नव्हत्या. तरीही उतारा पाहून लोक ती पेरू लागले.

खरी कसोटी लागली ती कपाशीत. कपाशीच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात. संकर करावयाचा तर प्रत्येक कळी हाताने सोलावी लागते. एवढी मजुरी परवडणार कशी, म्हणून हा मार्ग व्यवहारात अशक्य मानला जाई. सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी सन १९७० मध्ये एच-४ हा कपाशीचा संकर काढून ती समजूत मोडली. व्यापारी प्रमाणावर पिकविलेला हा जगातील पहिला कापूस संकर होय. महिकोनेही कपाशीच्या संकरित बियाण्याचे काम हाती घेतले. दुपारनंतर बायका ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी हेरून नखाने पाकळ्या व पुंकेसराची नळी अलगद काढतात, आतल्या कोवळ्या भागाला नख लागू देत नाहीत आणि खूण करून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल आणून त्यावर पराग फिरवितात. एका नर फुलात चार-पाच कळ्या होतात. त्यातून बोंड धरले तर पंचवीस-तीस सरक्या. हंगामात रोज हेच. यंत्राला न जमलेले हे काम शेतमजूर बायांनी करून दाखविले. त्यांची नावे मात्र कोणत्याच पिशवीवर नाहीत.

बारवाल्यांना सन १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार व सन २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. जालन्यात इतरही बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. २४ जुलै २०१७ रोजी ते निवर्तले.

या यशाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. संकरित पिकाचे घरचे बी दुसऱ्या वर्षी तसे उतरत नाही, म्हणून दरसाल पिशवी घ्यावी लागते. सन २००२ मध्ये बीटी कपाशी आली. प्रथम बोंडअळी आटोक्यात आली, पुढे गुलाबी अळी तिलाही जुमानेनाशी झाली. बियाणे, औषध व खत उधारीवर आणणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पाऊस चुकला की सारे गणित चुकते. गाडग्यातले बी फुकट होते. त्याचे देणे कोणाच्या वहीत नसे.

आता मिरची, टोमॅटो, काकडीच्या बियाण्याचे काम जालन्यापासून शेजारच्या देऊळगाव राजापर्यंत जाळीच्या मांडवांत चालते. तेथेही कळ्या हातानेच सोलतात.