रक्तातले पोटॅशियम : आरोपी की साक्षीदार?

1984 सालच्या एका रजिस्टरातले पान मी झेरॉक्स करून जपून ठेवले आहे. जिल्ह्याच्या गावी एका खासगी प्रयोगशाळेत मी तेव्हा तंत्रज्ञ होतो. पानावर माझ्याच अक्षरात नोंद आहे : रात्री 2.10, पुरुष, वय 58, सोडियम 136, पोटॅशियम 3.1. नावाच्या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव आहे. छातीत कळ येऊ लागली ती रात्री दहाच्या सुमारास, जेवण आटोपल्यावर. तिसऱ्या दिवशी पहाटे हृदयाची लय एकाएकी बिघडली आणि अण्णा गेले.

रक्तातले पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असावे, असे आम्ही शिकलो होतो. 3.1 म्हणजे कमी. अण्णांना रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी चालू होती आणि त्या गोळीने पोटॅशियम लघवीवाटे जाते, हेही ठाऊक होते. माझ्या मनाने निकाल देऊन टाकला : गोळीने पोटॅशियम उतरले, पोटॅशियम उतरल्याने लय बिघडली. महिन्याच्या महिन्याला ती गोळी दुकानातून आणून देणारा मी होतो. पुढची चाळीस वर्षे मी या एका मूलद्रव्याविषयी जे जे हाती लागेल ते वाचत आलो, त्याचे मूळ या निकालात आहे.

शेतकऱ्याला पोटॅशियम वेगळे सांगावे लागत नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश या त्रयीतला पालाश तो हाच. लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या क्षारापासून हंफ्री डेव्ही याने 1807च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये विजेच्या साहाय्याने हा धातू प्रथम वेगळा केला. चकचकीत गोळ्या बाहेर पडून जांभळट ज्योतीने पेटताना पाहून तो खोलीभर नाचला, असे त्याचा चुलतभाऊ एडमंड याने लिहून ठेवले आहे. ती जांभळट ज्योत लक्षात ठेवावी, पुढे तिच्याशी काम आहे.

हृदयाशी पोटॅशियमचे नाते उलगडले ते सिडनी रिंगर या डॉक्टरामुळे, आणि त्यात एका चुकीचा मोठा वाटा आहे. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यावर किती वेळ धडधडत राहते, हे रिंगर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पाहत होता. 1882 साली त्याने निष्कर्ष छापले. मग ध्यानात आले, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केले गेले होते. ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीचे पाणी, त्यात चुना. शुद्ध पाणी वापरताच हृदय थोड्याच वेळात थंडावले. म्हणजे आधीची करामत मिठाची नव्हती, कॅल्शियमची होती. रिंगरने 1883 साली ही चूक छापून कबूल केली आणि प्रयोग नव्याने मांडले. नुसते कॅल्शियम असेल तर हृदय आवळत जाते, नीट सैल पडत नाही. किंचित पोटॅशियम घातले की ठोका पुन्हा सुबक होतो. पोटॅशियम फार झाले की हृदय सैल अवस्थेतच थांबते. स्वतःची चूक इतक्या सरळपणे मांडणारे शोधनिबंध मी फार वाचलेले नाहीत.

रुग्णालयात ज्याला आपण सहज ‘आरएलची बाटली’ म्हणतो त्यातला आर म्हणजे हाच रिंगर. त्या बाटलीत पोटॅशियम लिटरला 4 असते, जवळजवळ रक्तातल्याइतके. आणि हृदय थांबवण्याचा गुणही वाया गेला नाही. 1955 साली डेनिस मेलरोज याने लंडनमध्ये पोटॅशियम सायट्रेट वापरून शस्त्रक्रियेपुरते हृदय थांबवण्याची रीत सांगितली.

याचे कारण पेशीत आहे. शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. आत लिटरला 140च्या आसपास, बाहेर रक्तात जेमतेम 4. या तफावतीवर पेशीच्या पडद्याचा विद्युतभार टिकतो आणि ठोका त्यावर चालतो. तफावत राखणारा पंप येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाला खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये सापडला, 1957 साली. चाळीस वर्षांनी त्याला नोबेल मिळाले. प्रयोगशाळेत आपण मोजतो ते बाहेरचे दोन टक्के. विहिरीच्या काठावर सांडलेल्या पाण्यावरून विहिरीचा अंदाज घेण्यासारखेच हे आहे.

आणि तेही मोजणे सोपे नव्हते. पूर्वी रक्तद्रवातले पोटॅशियम साक्यात उतरवून, धुऊन, मग मापावे लागे. त्यात तासन् तास जात. तोवर रुग्णाचे जे व्हायचे ते होऊन जाई. 1940च्या दशकात फ्लेम फोटोमीटर आला आणि डेव्हीची जांभळट ज्योत कामाला लागली. आमच्याकडचे यंत्र गॅसच्या सिलिंडरवर चाले. पातळ केलेला रक्तद्रव नळीतून ज्योतीत ओढला जाई. सोडियमचा पिवळा उजेड गाळणीने अडवून पोटॅशियमचा उजेड काट्यावर मोजायचा. विजेचा दाब हलला की काटा हले, म्हणून दर चार-पाच नमुन्यांनी प्रमाणित द्रावण लावून काटा जागेवर आणावा लागे. अण्णांचा नमुना मी दोनदा लावला होता.

पोटॅशियमच्या तपासणीत चूक होते ती बहुधा एकाच दिशेने. सुई नीट बसली नाही, पट्टा फार वेळ आवळलेला राहिला, नमुना तसाच पडून राहिला, तर तांबड्या पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच चढतो. रक्तद्रव गुलाबी दिसला की आम्ही नमुना परत मागवायचो. त्या रात्रीचा द्रव स्वच्छ होता. चूक झालीच असेल तर खरा आकडा 3.1पेक्षाही कमी निघाला असता.

आता झटक्याच्या रुग्णांकडे येऊ. मेक्सिको सिटीतल्या देमेत्रिओ सोदी-पायारेस याने 1962 साली असा विचार मांडला, की रक्तपुरवठा तुटलेला स्नायू पोटॅशियम गमावतो, तर ग्लुकोज आणि इन्शुलिनच्या जोडीने ते परत आत घालावे. कल्पना देखणी होती. तिचा कौल लागायला चार दशके गेली. क्रिएट-एक्ला या चाचणीत 20,201 रुग्ण होते, त्यांत भारतातलेही अनेक. 2005 साली निकाल आला : तीस दिवसांतले मृत्यू हे द्रावण दिलेल्यांत 10 टक्के, न दिलेल्यांत 9.7. फरक नाही.

माझ्या काळजाला भिडला तो नॉर्वेतल्या बर्गेनचा अभ्यास. नूर्दरेहाउग आणि सहकाऱ्याने तो 1983 साली, म्हणजे अण्णांच्या आदल्याच वर्षी, छापला होता. मी वाचला पुष्कळ उशिरा. झटक्याच्या 1,074 रुग्णांपैकी 122 जणांचे पोटॅशियम 3.5च्या खाली होते. त्यांच्यातल्या 17.2 टक्क्यांच्या हृदयाचे कप्पे नुसते थरथरू लागले, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झाले. बाकीच्यांत हे प्रमाण 7.4 टक्के. वाचून मी मासिक मिटून ठेवले. माझा निकाल कायम झाल्यासारखे वाटले.

पण त्याच 1983 साली ब्रिटनमध्ये मॉरिस ब्राउन आणि सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांच्या शिरेतून ॲड्रेनलिन सोडून पाहिले होते. गंभीर आजारात शरीर स्वतःच सोडते, साधारण तितके. पोटॅशियम सुमारे 0.8ने खाली आले. ते कुठे गेले नव्हते, पेशींच्या आत शिरले होते. ज्याला झटका येतो त्याच्या रक्तात भीतीचे आणि वेदनेचे हे रसायन उसळतेच, आणि झटका मोठा तितकी उसळी मोठी. मग कमी पोटॅशियम हे लय बिघडण्याचे कारण, की मोठ्या झटक्याची नुसती खूण? दोन्हीही असू शकेल. बर्गेनची टक्केवारी याचा निवाडा करू शकत नाही.

वैद्यकाने मात्र निवाड्याची वाट पाहिली नाही. अमेरिकेच्या 2004 सालच्या मार्गदर्शक सूचनांत झटक्याच्या रुग्णाचे पोटॅशियम 4च्या वर राखावे असे आले. काही तज्ज्ञ तर 4.5च्या वर म्हणत. या आकड्यामागे रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली चाचणी नव्हती. होती ती झटके तातडीने उघडण्याचे उपचार आणि बीटा-ब्लॉकर सरसकट मिळण्याआधीची जुनी निरीक्षणे.

2012 साली अभिनव गोयल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 67 रुग्णालयांतल्या 38,689 रुग्णांच्या नोंदी चाळल्या. सर्वांत कमी मृत्यू होते 3.5 ते 4.5 या पट्ट्यात, पाच टक्क्यांच्या आसपास. 4.5 ते 5 या, पुस्तकाप्रमाणे निर्दोष असलेल्या पट्ट्यात ते 10 टक्के होते. लयीचे जीवघेणे बिघाड वाढलेले दिसले ते 3च्या खाली किंवा 5च्या वर. मूत्रपिंडे थकली की पोटॅशियम चढते, म्हणून चढलेला आकडाही कधी कारण असतो, कधी खूण. (आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेणाऱ्यांनी त्याच्या मूत्रपिंडांची चौकशी आधी करावी, हे जाता जाता.) संशोधकांनी या गोष्टींचा हिशेब धरला होता, तरी नोंदी त्या नोंदीच.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या आता कुठे येऊ लागल्या आहेत, आणि त्याही झटक्याच्या ताज्या रुग्णांवर नाहीत. 2024 साली बायपासनंतरच्या रुग्णांत दिसले, की आकडा 3.6च्या खाली जाईपर्यंत पोटॅशियम न देता थांबले तरी वरच्या कप्प्यांची लय जास्त बिघडत नाही. उलट 2025 साली डेन्मार्कमध्ये छातीत डिफिब्रिलेटर बसवलेल्या 1,200 रुग्णांपैकी निम्म्यांचे पोटॅशियम आहार आणि औषधांनी 4.5 ते 5पर्यंत नेले गेले. लयीचे बिघाड, लय किंवा हृदयाच्या अशक्तपणामुळे रुग्णालयात दाखल होणे आणि मृत्यू यांची बेरीज त्यांच्यात 22.7 टक्के आली, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत 29.2. तिथे पोटॅशियमचा हात खरोखर असावा असे मानावे लागते. पण ही माणसे घरी राहणारी होती, महिनोन् महिने हळूहळू आकडा चढवलेली.

अण्णांना त्या रात्री डॉक्टरांनी सलाइनमधून पोटॅशियम दिले, घाई न करता, थेंबाथेंबाने. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा रक्त लावले. ती नोंद पुढच्या पानावर आहे : 4.0. हे पान मी कित्येक वर्षे उघडलेच नव्हते. पहाटे लय बिघडली तेव्हाचा आकडा नाही, कारण तेव्हा रक्त काढायला कुणाला सवडच मिळाली नाही. आणि कळ येण्याआधीचा, गोळी घेत असतानाचा आकडाही कुठल्याच रजिस्टरात नाही. कळ दहाला, रक्त 2.10ला. मधले चार तास ॲड्रेनलिनचे.

हे दुसरे पानही मी आता झेरॉक्स करून पहिल्याला जोडले आहे.