अण्णांची वही आणि लातूरची वाट

जुन्या घरातून कुणाच्या वाट्याला दागिने येतात, कुणाच्या वाट्याला तांब्याचे घंगाळ येते. आमच्या घरातून एक वही आली. लाल कापडात बांधलेली, लांबट आणि अरुंद, दुकानात उधारी लिहायला असते तशी ती चोपडी आहे.

आमचे गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा गणपतीचे विसर्जन करून लोक झोपी गेले होते. आमच्याकडची घरे माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडे, आणि लाकडांवर दर पावसाळ्यापूर्वी टाकलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे ते छप्पर त्या पहाटे अंगावर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आमची आजी त्यांत होती. आजोबा, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, ते सहा वर्षे आधीच वारले होते. ढिगाऱ्यातून त्यांची लोखंडी पेटी निघाली आणि पेटीत ही वही.

वही मोडीत होती. आमच्या घरात मोडी वाचणारे शेवटचे माणूस अण्णाच. त्यामुळे तीस वर्षे ती नुसती कपाटात राहिली. दर दिवाळीला झाडलोट करताना बाहेर काढायची, धूळ पुसायची आणि परत ठेवायची, एवढाच तिचा आमचा संबंध. मग नांदेडला एक गुरुजी मोडी वाचतात असे कळले. नव्वदीला आलेले गृहस्थ, पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दू शाळेत बसलेले. नाव कुठे छापू नका, असे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले. भिंग लावून त्यांनी वही वाचायला घेतली. ज्वारीचा हिशेब, सालगड्याचा पगार, बैलजोडीची किंमत. मी जवळजवळ निराश झालो होतो. इतक्यात त्यांनी वही उलटी धरली आणि म्हणाले, "हे बघा, हे मागून लिहिलंय. हात पोराचा दिसतो."

वर शके १८५८ लिहिले होते, म्हणजे १९३६-३७ चा हिवाळा. अण्णांचे वय तेव्हा चौदा. खाली पाच मुक्काम होते. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, लोहे, दोन भाकरी, कांदा, देणे. चतुर्दशी, माळेगाव, दीड आणा हाली, देणे. अमावास्या, अहमदपूरच्या अलीकडे शेतात, भज्जी, आंबील, देणे घेत नाहीत. प्रतिपदा, चाकूर, म्हातारीकडून घोंगडी एक, देणे. द्वितीया, लातूर, गाडीवानाचा एक आणा, देणे. लोहे, माळेगाव आणि लातूर या ओळींवर वेगळ्या शाईची रेघ मारलेली होती आणि पुढे 'पावले' असे लिहिले होते. चाकूरची ओळ मात्र तशीच मोकळी होती.

अण्णा नांदेडच्या शाळेतून पळून आले, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. आम्हा पोरांना अभ्यासाचा कंटाळा आला की आजी म्हणायची, "कुणावर गेलेत ते ठाऊक आहे!" अण्णा नुसते हसत. का पळालो, हे त्यांनी कधी सांगितले नाही. ते कारण त्याच पानाच्या तळाशी होते. तिथे उर्दू लिपीत एकच वाक्य तीन वेळा लिहून तीन वेळा खोडले होते. गुरुजींनी ते वाचले, "मैं घर जाता हूँ. हिज्जे तिन्ही वेळा चुकलेत हो." मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "इमल्यात चुकलं की छडी असायची. आम्हीही खाल्ली."

आजच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या घरांत मराठी होती आणि कचेरीत आधी फारसी, मग उर्दू. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यमही उर्दू. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. आणि उर्दूइतकी गोड भाषा दुसरी कोणती? पण गोड भाषासुद्धा छडीबरोबर आली की पोर ती टाकून पळते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. पुढे नरहर कुरुंदकर तिथेच प्राचार्य झाले. अण्णांना हे चौदा वर्षे उशिरा आले.

गेल्या मार्गशीर्षात मी त्या पाच मुक्कामांच्या वाटेने पायी निघालो. वय साठीला आलेले. घरच्यांनी विरोध केला, मग औषधांची पिशवी दिली. अंतर सुमारे १४० किलोमीटर.

निघण्याआधी पहाटे गोदावरीवर गेलो आणि तिथून सचखंड गुरुद्वाऱ्यात. गुरू गोविंदसिंगांनी ७ ऑक्टोबर १७०८ ला नांदेड येथे देह ठेवला, आणि त्यापूर्वी आपल्यामागे ग्रंथ हाच गुरू, असे सांगितले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेव पायी पंजाबात गेले. तिथल्या घुमान गावाने त्यांची आठवण इतकी जपली की २०१५ चे मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. नामदेवांची वाणी गुरुमुखी लिपीत शिरली आणि चारएक शतकांनी ग्रंथाबरोबर पुन्हा गोदाकाठी आली. दरबाराच्या आश्रयावाचून, लिपी बदलून, पण जिवंत. तिथे बसून मला अण्णांच्या तीन खोडलेल्या ओळी आठवल्या आणि थोडा धीर आला.

लोह्याची वाट आता रुंद झाली आहे. उसाचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी अंगावरून जातात. पायी चालणारा माणूस दिसला की लोकांना दोनच शंका येतात, नवस तरी असेल नाहीतर गाडी बंद पडली असेल. एका मोटारसायकलवाल्याने थांबून विचारले, "काका, कुठं जायलाव?" लातूरला, म्हटल्यावर त्याने माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिले आणि हळूच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वाट सोडून कंधारला गेलो, आणि परत लोह्याला एस.टी.ने आलो, हे कबूल करतो. कंधार पाहिल्यावाचून पुढे जाववेना. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे. जगत्तुंग समुद्र नावाचे त्या काळचे तळे आहे. किल्ल्यात फारसी शिलालेख आहेत. आणि गावात क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. मूर्ती मोडली, पावलांचे दगड राहिले. त्या दगडी बोटांशेजारी मी माझे सुजलेले पाऊल ठेवून पाहिले. राज्ये जातात आणि पावले उरतात, असा विचार मनात आला. पण पाय इतके ठणकत होते की तो फार टिकला नाही.

चतुर्दशीला माळेगावी पोहोचलो, तो यात्रेचा पहिला दिवस. खंडोबाची ही यात्रा घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. भंडाऱ्याने माणसे पिवळी झालेली, 'येळकोट येळकोट'चा गजर, तमाशाच्या फडांचे कर्णे. चौदा वर्षांचे एकटे पोर या गर्दीत रात्री कसे निजले असेल? त्याला दीड आणा कुणी दिला असेल? एका धनगराच्या पालावर मी एक काळी घोंगडी घेतली. भाव करताना तो म्हणाला, "मालक, लेकराला पाहिजे का म्हातारीला?" मी म्हटले, "म्हातारीला." त्याने जाड विणीची काढून दिली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. माळाकोळी मागे टाकून लातूर जिल्ह्यात शिरलो, तो गावे ओस पडलेली. दुकानांना कुलपे, पारावर कुत्रे सुद्धा नाही. क्षणभर १९९३ आठवून छातीत धस्स झाले. मग उमगले, आज येळवस! वेळ अमावास्येचा हा सण लातूर आणि धाराशिव या भागांतला. घाटावरच्या वाचकांना कदाचित ठाऊकही नसेल. या दिवशी सारे गाव शेतात जाते. कडब्याची खोप उभारतात, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि त्यांची पूजा करतात. सोले, हरभरा, पालेभाज्या एकत्र शिजवून भज्जी करतात, ज्वारीच्या पिठाची ताक घालून आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. रस्त्याने जाणाऱ्या परक्याला हाक मारून जेवायला बसवायचेच, ही रीत.

मलाही हाक आली. "ओ पाव्हणं, असं कोरडं कुठं जायलाव? या, बसा." खोपीभोवती एक आजोबा माठातली आंबील शिंपडत फिरत होते आणि मोठ्याने काही म्हणत होते. शब्द मराठी नव्हते. त्यांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "अर्थ कशाला पाहिजे? आमचा बाप म्हणायचा." ते बोल कानडी वळणाचे आहेत आणि हा सणही कर्नाटकाच्या शेजारातून आला, असे मानतात. मी हातातला द्रोण तसाच ठेवून क्षणभर थांबलो. नवव्या शतकात, अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ झाला. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. म्हणजे नांदेडपासून मी चाललो ती सगळी वाट त्या ग्रंथाच्या सीमेत येते. राष्ट्रकूटांचे राज्य गेले, सीमा बदलल्या, इथले लोक कधीचे मराठी झाले. पण वर्षातून एक दिवस शेतातल्या ज्वारीला अजून त्या जुन्या बोलीतून हाक मारतात. छडी न उगारता शिकविलेले असे टिकते.

जेवण झाल्यावर मी पैसे काढले. बाई हसून म्हणाल्या, "येळवशीचं देणं घेत नसतेत." अण्णांच्या वहीतलेच शब्द.

चाकूरला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. वहीत म्हातारीचे नाव नाही, आळी नाही. देवळापुढे चारपाच वृद्ध बसले होते. त्यांच्यापुढे वही उघडली आणि हकीकत सांगितली. ते आधी गंभीर झाले, मग हसू लागले. "नव्वद वर्षं व्हत आली, म्हातारी आता कुठली सापडायची?" माझाही चेहरा पडला असावा. एवढ्यात वातीचे पुडके घेऊन बसलेली एक आजीबाई म्हणाली, "मग मलाच द्या की. मी बी म्हातारीच हाय, अन्‌ थंडी बी हाय." सगळे पुन्हा हसले. ती मात्र हसली नाही. मी पाठीवरची घोंगडी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने वीण बोटांनी चाचपून पाहिली, "जाड हाय," म्हणाली आणि पायांवर घेतली. वही तिच्याजवळच उघडून मी त्या मोकळ्या ओळीवर रेघ मारली. 'पावले' मोडीत कसे लिहायचे ते गुरुजींनी शिकविले होते. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमले.

लातूरला गंजगोलाईत पोहोचलो तेव्हा बाजार गजबजला होता. १९१७ साली बांधलेल्या त्या गोल इमारतीपाशी सोळा रस्ते मिळतात. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजेच हे लातूर, असे अनेक संशोधक मानतात. कन्नड काव्याला आश्रय देणाऱ्यांचे मूळ गाव आज अडत बाजाराचे आणि शिकवणीवर्गांचे मराठी शहर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कन्नडला तो २००८ मध्येच मिळाला होता. पाटी-दप्तर घेऊन जाणारी मुले पाहून वाटले, यांच्यापैकी कुणी पळून घरी निघाले तर वाटेत त्याला दोन भाकरी मिळाव्यात.

तिथून आमच्या जुन्या गावठाणावर गेलो. नवे गाव सरळ गल्ल्यांचे, दूर वसलेले. इथे बाभळी वाढल्या आहेत. आमच्या उंबऱ्याचा दगड मला नक्की ओळखू आला असे म्हणवत नाही. त्यातल्या एकावर बसलो. इथेच अण्णा त्या हिवाळ्यात येऊन उभे राहिले असतील, आणि आईने आधी मारले असेल की आधी जेवू घातले असेल, हे आता सांगणारे कुणी नाही. इतकी वर्षे आम्ही त्यांना पळपुटे म्हणून हसलो. पळणारे पोर भाकरीचा हिशेब ठेवत नाही, आणि मोठे झाल्यावर तो फेडायला परत जात नाही.

वहीचे पुढचे पान कोरे होते. त्यावर मी बाळबोधीत माझे मुक्काम लिहिले. अमावास्येपुढे भज्जी, आंबील असे लिहिले, आणि त्या बाईंनी नको म्हटले होते तरी पुढे 'देणे' असे लिहून ठेवले.