एक कप, दोन नग : दिमसमच्या टेबलावरचा वेळ

मागच्या खेपेला इराणी हॉटेलांवर बोललो, तेव्हा शेवटी एका बाईंनी प्रश्न विचारला होता, की एका चहावर दोन दोन तास बसू देणारी हॉटेलं फक्त आपल्या मुंबईतच होती का? वेळ संपली होती म्हणून उत्तर राहिलं. आज ते देतो. नव्हती. दक्षिण चीनमध्ये होती, हाँगकाँगमध्ये होती, आणि तिथेही आज तोच प्रश्न उभा आहे जो आपल्याकडे होता : टेबल कुणाचं, आणि किती वेळ?

तुमच्यातल्या तरुण मंडळींनी मॉलमध्ये दिमसम खाल्लं असेल. बांबूच्या टोपलीत तीन-चार वाफवलेल्या वड्या, वर झाकण. आपल्याकडे लोक त्याला सरसकट मोमो म्हणतात, ते चूक आहे, पण त्यावर आज भांडत नाही. हाँगकाँगच्या माणसाला विचारलंत तर तो 'दिमसम खायला जातो' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'यम चा', म्हणजे चहा प्यायला जातो. खाणं हे चहाच्या जोडीचं. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट हा क्रम उलटा कसा झाला याची आहे.

सुरुवात गरिबीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कँटन शहरात, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, 'दोन ली'ची दुकानं होती. ली हे अगदी क्षुल्लक नाणं, आणि दोन ली ही चहाची किंमत. चार बाकडी, साधी टेबलं, येणारे बहुतेक हमाल आणि मजूर. चहासोबत साधी बनं, खापा. 'एक कप, दोन नग' हा कँटनी वाक्प्रचार आजही चालतो; एक झाकणाचा कप आणि खायचे दोन जिन्नस, एवढ्यावर सकाळ निघाली पाहिजे.

आता इथे आपला एक धागा आहे, तो सांगून पुढे जातो. ज्या कँटनबद्दल बोलतोय त्याच कँटनला १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना एकमेव बंदर म्हणून परवानगी होती. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू तिथे जायची, आणि तिथून चहा निघायचा इंग्लंडला. सर जमशेदजी जीजीभाई तरुणपणी याच व्यापारासाठी चीनच्या फेऱ्या करत होते. आपण ज्या जे. जे. हॉस्पिटलात केसपेपर काढायला रांग लावतो, त्याच्या पायात तो पैसा आहे. बरं, पुढे.

दोन लीच्या दुकानांतून मजल्यांची चहागृहं उभी राहिली. १९२० आणि ३० च्या दशकांत कँटनमध्ये त्यांची अशी चुरस लागली की दर आठवड्याला पदार्थांची नवी यादी छापायची पद्धत पडली. आज आपण ज्याला दिमसम म्हणतो त्यातलं बरंचसं या चुरशीत घडलेलं आहे. हार गाव घ्या, कोळंबीचं. वरची पारी गव्हाच्या सत्त्वाची. उकळतं पाणी घालून ते मळायचं आणि तेल लावलेल्या सुरीच्या सपाट पात्याने गोळा दाबून गोल पारी काढायची. लाटणं नाही! मग मुरड. सात तरी चुण्या हव्यात, चांगला कारागीर दहाच्या वर घालतो. काठीने उचलली तर पारी फाटता कामा नये आणि आतली कोळंबी दिसली पाहिजे. उकडीच्या मोदकाला पाकळ्या पाडणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना यातलं अवघडपण वेगळं सांगायला नको.

मग युद्ध आणि १९४९ ची क्रांती. १९४५ साली हाँगकाँगची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती, पुढच्या काही वर्षांतच ती वीस लाखांवर गेली. माणसं डोंगरउतारांवर झोपड्यांत राहिली. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली आणि सुमारे त्रेपन्न हजार लोक बेघर झाले. सरकारने त्यांच्यासाठी इमारती बांधल्या, त्यातला हिशेब होता माणशी चोवीस चौरस फूट. मुलाला त्याच्या निम्मं.

चोवीस चौरस फूट म्हणजे किती? एक खाट टाकली की संपलं. संडास आणि पाणी सामायिक. हे ऐकून चाळीत वाढलेल्यांना लगेच कळेल, की असा माणूस घरी बसत नाही. आपल्याकडे तो गॅलरीत, नाक्यावर, इराण्याकडे बसला. तिथे तो चहागृहात बसला. म्हातारे पक्ष्यांचे पिंजरे घेऊन पहाटे यायचे, वर्तमानपत्र वाचायचे. अनोळखी माणसांनी एक टेबल वाटून घ्यायचं, याला कुणी हरकत घेत नसे. किटलीचं झाकण उघडं ठेवलं की वेटर गरम पाणी ओतून जाई, दुसऱ्याने कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायचे. (त्या टकटकीचा संबंध छ्येनलुंग बादशहाच्या वेषांतराशी लावतात, ती दंतकथा आहे. छान आहे, पण दंतकथा.) माझा मुद्दा असा की त्या शहराची बैठकीची खोली घरात नव्हतीच. ती चहागृहात होती आणि तिचं भाडं एक कप आणि दोन नग.

ढकलगाडीचं मात्र फार कौतुक करू नका. लोक म्हणतात, जुनी परंपरा गेली, गाड्या गेल्या. गाडी जुनी नाही. आधी गळ्यात अडकवलेल्या ताटातून माल फिरवत. गाडी आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मोठमोठ्या हॉलांबरोबर. आणि फिरून फिरून तिच्यावरचं हार गाव थंड आणि चिकट होतं, हेही खरंच.

आता साखळी हॉटेलं. २००८ च्या अखेरीस हाँगकाँगची पहिली मिशेलिन गाइड निघाली आणि एका पंचतारांकित हॉटेलातल्या 'लुंग किंग हीन'ला तीन तारे मिळाले, कुठल्याही चिनी रेस्टॉरंटला पहिल्यांदाच. तिथे दिमसम करणारे माक क्वाय-पुइ यांनी २००९ साली, मंदीच्या दिवसांत, एका भागीदाराबरोबर माँग कोकमध्ये जेमतेम वीस खुर्च्यांचं दुकान काढलं : 'तिम हो वान'. वर्षाच्या आत त्याला एक तारा मिळाला. रांगा लागल्या. दुसरी शाखा निघाली शाम शुइ पो भागात, म्हणजे त्या जळलेल्या शेक किप मेईच्या अगदी शेजारी. २०१३ मध्ये सिंगापूर, २०१६ मध्ये न्यूयॉर्क, आणि आज ती साखळी फिलिपिन्सच्या 'जॉलिबी' या फास्टफूड कंपनीच्या हातात आहे.

यात वाईट काय? मी म्हणेन, खाण्यात काही नाही. पदार्थ थोडे, कागदावर पेन्सिलने खूण करायची, ऑर्डरीनंतर वाफवायचं. त्यांचं चा सिउ बन वाफवलेलं नसतं, भाजलेलं असतं, वर साखरेचा खुसखुशीत पापुद्रा आणि आत गोडसर डुकराचं मांस. पंचतारांकित हात साध्या माणसाच्या किमतीत आला, हे मोठंच काम. दोन लीच्या दुकानाचा खरा वारस कोण, असं विचारलं तर झुंबरांच्या हॉलापेक्षा मी या दुकानाकडेच बोट दाखवीन.

पण दोन लीच्या दुकानात माणूस बसत होता. वीस खुर्च्या, बाहेर रांग आणि हाँगकाँगचं भाडं, हे गणित टेबल तासात दोनदा रिकामं झालं तरच जमतं. स्वस्ताईची किंमत गिऱ्हाईक वेळेत चुकवतो. मी तिथे गेलो होतो तेव्हा अशाच एका साखळीत, नाव घेत नाही, माझ्या टेबलावर एक आजी होत्या. त्यांनी एकच टोपली मागवली आणि पेपर उघडला. दहा मिनिटांत त्यांचं बिल आलं. ते त्यांनी पेपरखाली सरकवलं. पोरगी पुन्हा आली, टोपली उचलून टेबल पुसून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आजींनी चष्मा घडी करून पिशवीत ठेवला. त्या पोरीचाही दोष नाही, मागे रांग होती आणि त्या रांगेतून मीच अर्ध्या तासापूर्वी आत आलो होतो.

शाम शुइ पोमध्ये आजही एका फ्लॅटचे पाच-सहा तुकडे करून भाड्याने देतात. चोवीस चौरस फुटांचा प्रश्न संपलेला नाही. वेलिंग्टन रस्त्यावरचं 'लिन हेउंग' हे जुनं चहागृह, जिथे टेबल वाटून घ्यायची रीत शेवटपर्यंत टिकली होती, ते २०२२ साली बंद पडलं आणि २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. त्या आजी तिथे जात असतील का, मला माहीत नाही. शाम शुइ पोहून ते खाडीपलीकडे पडतं, मेट्रोचं भाडं वेगळं.

चला, प्रश्न असतील तर विचारा. बाहेर चहा ठेवलाय, पण सभागृह आपल्याला साडेआठलाच रिकामं करायचंय.