ब्रायटनचं घर: गिलाव्यामागचा इतिहास

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनमध्ये, १८२०च्या दशकातलं एखादं नूतनीकरण केलेलं घर विक्रीला निघतं, तेव्हा आपण आधी पाहतो तो पांढरा, गुळगुळीत गिलावा. पण मंडळी, त्यामागे अनेकदा ‘बंगरूश’ असतं: गारगोट्या, विटांचे तुकडे आणि चुना, म्हणजे हाताला लागेल ते! ही भिंत चुन्यामुळे ओल बाहेर टाकते. वरून सिमेंट थापलं, की ओल आतच अडकते. तसंच तळघराचं. तिथल्या स्वयंपाकघरात नोकर राबायचे, तेव्हा वरचा दिवाणखाना झळकायचा. आज तळघर बरेचदा स्वतंत्र फ्लॅट म्हणून विकलं जातं. आपण छताची नक्षी जपतो, राबणाऱ्यांच्या खुणा मात्र पुसतो. अशानं घर टिकेल, इतिहास अर्धाच उरेल.