चार धावा आणि दोन पराभव

आपल्या खेळावर सगळ्यात जास्त हुकमत कोणी गाजवली, हा वाद कुठेही सुरू होऊ शकतो. कटिंग चहा पुरेसा असतो. एक जण फेडरर म्हणतो, दुसरा मेजर ध्यानचंद, तिसरा बोल्ट, आणि मग कोपऱ्यात बसलेला एखादा, जो एरवी फारसा बोलत नाही, तो शांतपणे म्हणतो, "नव्व्याण्णव पूर्णांक चौऱ्याण्णव." आणि वाद तिथेच संपतो. निदान संपला असं सगळे धरून चालतात.

मला बरेच दिवस वाटतंय की तो तिथे संपायला नको.

पण आधी ब्रॅडमनला त्याचा मान देऊ. ५२ कसोटी, ८० डाव, १० वेळा नाबाद, ६९९६ धावा. १४ ऑगस्ट १९४८ ला ओव्हलवर तो शेवटच्या कसोटीत खेळायला उतरला तेव्हा सरासरी बरोब्बर शंभर व्हायला चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलीसच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. भोपळा. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की त्या चार धावाच आता ब्रॅडमनपेक्षा मोठ्या झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेचा पोस्ट बॉक्स नंबर ९९९४ आहे, आणि तो ब्रॅडमनमुळेच, असं तिकडे आवडीने सांगतात.

खरी गंमत मात्र ९९.९४ या आकड्यात नाही. ती त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत आहे. निदान पन्नास कसोटी खेळलेल्या फलंदाजांत दुसरा नंबर हर्बर्ट सटक्लिफचा, ६०.७३. मग बॅरिंग्टन ५८.६७, हॅमंड ५८.४५, सोबर्स ५७.७८. आपला सचिन ५३.७८ आणि सुनील गावसकर ५१.१२. म्हणजे पहिला शंभरच्या उंबरठ्यावर आणि बाकी सगळी थोर मंडळी पन्नास ते साठच्या चाळीत एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मधले चाळीस मजले रिकामे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बाष्कळ नाही. स्टीफन जे गूल्ड नावाचा हार्वर्डमधला जीवाश्मशास्त्रज्ञ होता, बेसबॉलचा वेडा. अमेरिकेत १९४१ नंतर मेजर लीगमध्ये पूर्ण मोसमात .४०० ची सरासरी कोणी का गाठली नाही, या प्रश्नावर त्याने फार सुंदर उत्तर दिलं. तो म्हणाला, खेळाडू वाईट झाले नाहीत, सगळेच चांगले झाले. खेळ पिकत गेला की सुमार खेळाडू गळतात, गोलंदाजी-क्षेत्ररक्षण सुधारतं, आणि सर्वांत वरचा व सरासरीचा यांच्यातलं अंतर आपोआप कमी होतं. जुन्या काळातले राक्षस राक्षस दिसतात, कारण त्यांच्या भोवती बुटके उभे होते.

हे ब्रॅडमनला लावून पाहा. त्याच्या ५२ पैकी ३७ कसोटी एकट्या इंग्लंडविरुद्ध. कसोटी खेळला फक्त दोन देशांत. आपल्याविरुद्ध १९४७-४८ मध्ये पाच कसोटींत ७१५ धावा, सरासरी १७८.७५. (त्याच दौऱ्यात ॲडलेडला सांगलीच्या विजय हजारेंनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली होती, तेवढंच आपलं समाधान.) म्हणजे गूल्डचा बाण लागू पडतो?

नाही पडत, आणि याचं कारण मला फार आवडतं. गूल्डचं खरं असेल तर ब्रॅडमनच्या काळातले इतर बडे फलंदाजही फुगलेले दिसायला हवेत. पण सटक्लिफ, हॅमंड, हेडली हे त्याचे समकालीन आणि पुढचे सोबर्स, कॅलिस, संगकारा हे सगळे त्याच पट्ट्यात आहेत. हेडली ६०.८३, संगकारा ५७.४०. खेळपट्ट्या झाकल्या गेल्या, हेल्मेट आलं, बॅट जाड झाली, दुसरा नंबर काही जागचा हलला नाही. त्या काळाने सगळ्यांना उंच केलं नव्हतं. एकालाच केलं होतं. इंग्लंडने १९३२-३३ मध्ये खास त्याच्यासाठी शरीराचा वेध घेणारी बॉडीलाइन गोलंदाजी आणली, आणि तरी त्या मालिकेत त्याची सरासरी ५६.५७ राहिली. एवढ्या सरासरीवर इतरांचे पुतळे उभारतात.

चार्ल्स डेव्हिस या ऑस्ट्रेलियन आकडेतज्ज्ञाने तर वेगवेगळ्या खेळांतले दादा एकाच फूटपट्टीवर मोजले. आपल्या खेळाच्या सर्वसाधारण पातळीपासून कोण किती दूर, एवढाच हिशोब. ब्रॅडमन ४.४, पेले ३.७, बेसबॉलचा टाय कॉब ३.६, गोल्फचा जॅक निकलॉस ३.५, मायकल जॉर्डन ३.४. ब्रॅडमनची बरोबरी करायला जॉर्डनला कारकीर्दभर दर सामन्यात ४३ गुण करावे लागले असते. त्याने केले ३०.

तर मग प्रश्न मिटला? इथेच मी अडतो. ही पाच नावं पुन्हा वाचा. पाचही पुरुष आहेत हा एक भाग झालाच, पण दुसरंही काही आहे. हे पाचही जण अशा खेळांतले आहेत जिथे कोणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. धावा, गोल, फटके, गुण. दर सामन्याचा, दर डावाचा हिशोब दशकानुदशकं लिहून ठेवलेला. फूटपट्टी लावायला काहीतरी लांबीचं हातात लागतं.

आता हेदर मॅके घ्या.

नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडे बऱ्याच घरांत स्क्वॉश म्हणजे अजूनही बाटलीतलं संत्र्याचं सरबत. कॅनबेराजवळच्या क्वीनबेयन गावात १९४१ साली जन्म, अकरा भावंडांतली एक. माहेरचं आडनाव ब्लंडेल. हॉकीसाठी दमसास टिकावा म्हणून सतरा-अठराव्या वर्षी स्क्वॉश खेळायला लागली. १९६० मध्ये एक सामना हरली. १९६२ मध्ये स्कॉटिश ओपनच्या अंतिम फेरीत फ्रॅन मार्शलकडून दुसरा हरली. त्यानंतर १९८१ मध्ये स्पर्धात्मक स्क्वॉश सोडेपर्यंत ती हरलीच नाही.

पुन्हा वाचावं लागतं हे वाक्य. एकोणीस वर्षं. ब्रिटिश ओपन ही तेव्हा जगज्जेतेपदाच्या तोलाची स्पर्धा, ती हिने १९६२ ते १९७७ सलग सोळा वेळा जिंकली. रीतसर जागतिक स्पर्धा सुरू झाल्यावर १९७६ आणि १९७९ ची तीही. १९६८ च्या ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात गुण होते ९-०, ९-०, ९-०. जुन्या नियमात सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, म्हणजे समोरच्या बाईला आपल्या सर्व्हिसवर एकही रॅली जिंकता आली नाही. आणि ती काही पहिल्या फेरीतली पाहुणी नव्हती, अंतिम फेरी गाठलेली होती.

आता हिची सरासरी काय काढणार? जिंकण्याला वरून छत असतं. सगळे सामने जिंकल्यावर आणखी एक जास्त जिंकता येत नाही. ब्रॅडमनच्या खाली किती मजले रिकामे ते मोजता येतात. हिच्या खाली किती, हे सांगायला हवी तशी वहीच नाही. अखेरच्या फेऱ्यांचे गुण राहिले, बाकी कोणत्या रॅलीत काय झालं हे कोण लिहिणार होतं?

आक्षेप इथेही आहेत, आणि ब्रॅडमनपेक्षा जड आहेत. पहिला, समोर होतंच कोण? तिच्या आधी जॅनेट मॉर्गनने हीच ब्रिटिश ओपन १९५० पासून सलग दहा वर्षं जिंकली होती. नंतर सुझन डेव्हॉयने १९८४ पासून सलग सात. एकाच स्पर्धेत अशा रांगा पुन्हा पुन्हा लागत असतील तर शंका घ्यायलाच हवी. पुरुषांतही जहांगीर खान १९८१ ते १९८६ साडेपाच वर्षं हरला नाही, आणि त्याच्या ब्रिटिश ओपन सलग दहा.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्क्वॉशमध्ये नशिबाला फार जागा नाही. एका सामन्यात शेकडो फटके, डझनावारी रॅली. जो थोडा सरस आहे तो जवळजवळ नेहमी जिंकतो. क्रिकेटमध्ये एक चेंडू पुरतो. पायचीतचा एक चुकीचा निर्णय, समोरच्याने दिलेली एक खोटी हाक, आणि जगातला सर्वोत्तम फलंदाज तंबूत. नशिबाने इतक्या ठासून भरलेल्या खेळात दर पावणेतीन डावांमागे एक शतक (८० डावांत २९) ही गोष्ट अधिक अचाट आहे, हे मी मान्य करतो.

आणि तरी क्रिकेटची वहीसुद्धा समोरच्याच्या मर्जीवर चालते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. प्रथम श्रेणीतला जागतिक उच्चांक तेव्हा ब्रॅडमनच्याच नावावर, नाबाद ४५२, जानेवारी १९३० चा. दहा धावा हव्या होत्या. खेळाच्या मध्यंतरात काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडला आणि संघ मैदानावर परतलाच नाही. भारतीयाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. विक्रम मोडायला उभं राहणारं कोणी समोर लागतं, ही साधी गोष्ट आकड्यांच्या यादीत दिसत नाही.

मॅकेसमोर निदान कोणी मैदान सोडून गेलं नाही. पण "समोर कोण होतं" या प्रश्नाला उत्तर द्यायचा एकच मार्ग खेळाडूच्या हातात असतो. आपलं अंगण सोडून दुसऱ्याच्या अंगणात जायचं. ब्रॅडमनला ती सोय नव्हती, गरजही नव्हती. मॅके सत्तरच्या दशकाच्या मध्यात कॅनडात राहायला गेली आणि तिथे रॅकेटबॉल खेळू लागली. लांबून दोन्ही खेळ सारखे वाटतात. पण स्क्वॉशचा चेंडू मऊ आणि मेल्यासारखा पडतो, रॅकेटबॉलचा मोठा आणि उसळता. तिथे रॅकेटचा दांडा आखूड आणि छतावर मारलेला फटकाही चालतो. वीस वर्षं हाताला लागलेली सवय तिथे अडचणच. शिवाय समोर अमेरिकन मुली, ज्यांचा हाच मुख्य खेळ होता आणि ज्यांना त्यावर पैसे मिळत होते.

त्यामुळे माझं मत मॅकेला. ब्रॅडमनचा आकडा मोठा आहे हे कबूल करून, कुठल्याही आकडेतज्ज्ञाच्या फूटपट्टीवर मी हरेन हे कबूल करून. पण समोर कोणीच नव्हतं, या वाक्यावर एवढं सरळ उत्तर दिलेला दुसरा खेळाडू मला सापडत नाही. आणि ती आपल्या यादीत नसते याचं कारण तिच्या खेळात कमी, आपल्या वहीत जास्त आहे.

अमेरिकेतलं रॅकेटबॉलचं व्यावसायिक विजेतेपद तिने १९८० मध्ये जिंकलं, १९८१ मध्ये पुन्हा, आणि तिसऱ्यांदा १९८४ मध्ये. तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. इथे मात्र ती अधूनमधून हरायचीसुद्धा.