मेमपूल
मेमपूल : लिनक्स कर्नलमधील राखीव स्मृतीची व्यवस्था. तिचे काम इंगो मोल्नार यांनी २००१ मध्ये सुरू केले. स्मृती अपुरी पडली की कर्नल स्मृतीची काही पाने (ठराविक आकाराचे तुकडे) डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. पण त्या लेखनासाठी साठवण-ड्रायव्हरलाही थोडी स्मृती लागते. ती न मिळाल्यास दोन्ही कामे एकमेकांसाठी खोळंबतात. म्हणून ड्रायव्हर आधीच ठरलेल्या किमान संख्येइतके स्मृतीचे घटक बाजूला काढून ठेवतो. मागणी आल्यावर प्रथम नेहमीच्या वाटपातून प्रयत्न होतो. तो फसल्यासच राखीव साठा वापरला जातो. मोकळा झालेला घटक आधी साठ्यातील तूट भरून काढतो. एकावर एक रचलेल्या ड्रायव्हरांना स्वतंत्र साठे लागतात. साठा सामायिक असल्यास वरचा थर सर्व घटक अडकवून खालच्या थराचे काम रोखू शकतो.